कडुनिंबाखालचे दगड

माझा छंद तुम्हाला माहीत आहे. मी स्मशानभूमी आणि कब्रस्तानांचे फोटो काढतो.

आज सकाळी सोनगीरजवळच्या एका गावात गेलो. स्मशानभूमीच्या ज्या कोपऱ्यात तान्ही बाळं पुरतात, तो जेसीबीने सपाट केला होता. तिथला कडुनिंबही तोडलाय. शेड होणार आहे म्हणे.

तिथे एक बाई एकटीच उभी होती. माझा कॅमेरा पाहून जवळ आली.

"भाऊ, पहिले बी तुम्ही आठे फोटो काढेल व्हतात ना? मनी पोर निंबखाले पुरेल व्हती. फोटोमा दखास का?"

मोबाईलमध्ये मागच्या वर्षीचा फोटो सापडला. कडुनिंबाखाली खुणेचे दगड दिसत होते, पण सगळे सारखेच. तिने फोटो मोठा करून एकेक दगड पाहिला. ओळखता येईना. पोर बारशाआधीच गेली, म्हणाली.

शेवटी तिने, हाच आपल्या पोरीचा असं मानून, एका दगडावर बोट ठेवलं. "ऱ्हाऊ द्या भाऊ. हाईच मानी लेसू."

उद्या तिला त्या फोटोची प्रिंट नेऊन देईन. पण तिची मुलगी नेमकी कुठे आहे, हे आता कुणालाच सांगता येणार नाही.

तुम्ही असता तर तिला काय म्हणाला असता?