दारू सोडलेल्यांचा सर्व्हे

दवाखान्यात जन्म काढला की किस्से जमवावे लागत नाहीत. कपाटात रिकाम्या बाटल्या साठतात तसे ते आपोआप साठतात, आणि फेकवतही नाहीत. तिरोडीजवळच्या एका मँगनीज खाणीच्या दवाखान्यात मी कंपाउंडर होतो. पासष्ट-सहासष्टच्या सुमारास नागपूरहून एक तरुण डॉक्टर सर्व्हेला आले. दारू पिणाऱ्याकडे, आणि सोडलेल्याकडेही, लोक कोणत्या नजरेनं बघतात ते त्यांना मोजायचं होतं. मला त्यांच्यासोबत दिलं. त्या महिन्याचे हे किस्से. थोडं हसू येतं, पण सांगून झालं की मन खट्टू होतं.

*

फॉर्मची गंमत अशी, की 'तुम्हाला काय वाटतं' असं विचारायचंच नाही. 'लोकांना काय वाटतं' असं विचारायचं. डॉक्टर म्हणायचे, माणूस स्वतःबद्दल खोटं बोलतो, लोकांबद्दल खरं बोलतो.

पहिलाच गडी सुरुंग लावणारा गोमाजी. डॉक्टरांनी विचारलं, "लोक दारुड्याला कमी लेखतात का?"

"लोकाईचं मले काय माहीत? लोकाईले विचारा ना."

"अहो, तुम्ही पण लोकच."

"मी कायचा लोक? मी तं पितो."

डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं आणि चहा मागवला.

*

पुढं खाणीच्या क्वार्टरांची एक अख्खी लाइन झाली. घरोघर एकच उत्तर. "माहं काही नाही सायेब, पण लोक लय खराब हायेत."

शेवटी मी विचारलं, "सायेब, मंग हे लोक राह्यतात तरी कोनत्या लाइनीत?"

डॉक्टर हसले नाहीत.

*

खरी चूक आमचीच झाली. पिणाऱ्यांच्या आणि सोडलेल्यांच्या नावांची यादी दवाखान्याच्या रजिस्टरातून काढलेली, एकदम गुप्त. पण फाइल हिरवी होती आणि ती दिवसभर माझ्या काखेत असायची. ज्या ओसरीवर आम्ही टेकलो ते घर दारुड्याचं, हे आठवडाभरात सगळ्यांना कळलं. एक बाई दारातच आडवी उभी राहिली.

"बसू नका, भाऊ. उभ्यानंच विचारा. तुमी बसले का घराले नाव लागते."

उपाय म्हणून डॉक्टर न पिणाऱ्यांकडेही जाऊ लागले. झालं! सुपारीचं खांडही न खाणारा मुकादम तणतणत आला आणि 'हा इसम पीत नाही' असा दाखला घेऊनच गेला. दुसऱ्या दिवशी दाखल्यासाठी रांग लागली. रांगेतला पहिला माणूस भिंत धरून उभा होता.

*

आता भाऊलाल. ड्रिल मशीनवरचा, आमच्याच समाजातला. दोन वर्षं त्यानं थेंबाला हात लावला नव्हता. सोडली तेव्हा पहिले काही दिवस हातपाय कापायचे, मीच त्याला धरून बसायचो. त्याची मुलगी वत्सला लग्नाची झाली होती. खैरलांजीचे पाहुणे आले आणि पोहे तसेच टाकून उठले, कारण मोटारस्टँडवर कोणीतरी बापाची जुनी कीर्ती सांगितली होती.

त्याच्या फॉर्मात एक वाक्य मी वाचून दाखवलं, 'दारू सोडलेल्या माणसाच्या घरी लोक सोयरीक करत नाहीत.' पटतं की नाही?

भाऊलाल माझ्याकडे बघून म्हणाला, "पटत नाही, असं लिवा. सारेच काही तसे नसतात."

मी फॉर्मवर तशी खूण केली. मला बरं वाटलं.

रविवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून आमच्या घरी आला. माझा धाकटा भाऊ नुकताच मास्तर झाला होता. भाऊलाल खाटेच्या कडेवर बसला.

"भाऊ, तुमी मले दोनी रंगात पाह्यलं हाय. माह्या वत्सलेसाठी लहान्याचा इचार करा."

आई आतून उठून दारात आली आणि माझ्याकडे बघत उभी राहिली. मी म्हणालो, "लहान्याले आता दोन वर्षं करायचंच नाही, भाऊलाल."

त्याच आठवड्यात आम्ही लहान्यासाठी कटंगीला मुलगी बघायला जाणार होतो. हे त्यालाही माहीत होतं. मला फार लाज वाटली, पण शब्द मागं घेतला नाही. तो चहा पिऊन, आईला नमस्कार करून गेला.

सोमवारी शिफ्टच्या आधी तो दवाखान्यात आला.

"भाऊ, माहा फॉर्म नागपूरले गेला का?"

"नाही अजून."

"मंग ते एक उत्तर बदलून द्या."

मी फाइल काढली आणि त्याच्यासमोरच बदलून दिलं.