आक्कांचं सिंगल हँडल

आक्कांच्या हातातली वस्तू कुणी काढून घेतलेली त्यांना खपत नसे. एस.टी.त एखादा भला माणूस "द्या पिशवी, ठेवतो वर" म्हणाला, तरी त्या पिशवी छातीशी धरून म्हणायच्या, "ऱ्हाऊ द्या पावणं, मला हात हायती." लोक त्यांना तिरसट म्हणायचे. मीही म्हणायचो. आता त्या नाहीत आणि मला त्या लोकांचा, त्यातही माझा स्वतःचा, असा संताप येतो की एकदाचं सगळं सांगून टाकावं.

उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत मी हजेरी मांडायचो आणि आक्का ओतकामाच्या साच्यात बसवायचे वाळूचे गाभे ठोकायच्या. वीस वर्षं ठोकून त्यांचे तळवे पाटासारखे झाले होते. सोमवारी कारखान्याला सुट्टी, म्हणून सोमवारी आम्ही दोघं कळंब्याच्या तळ्यावर गळ टाकून बसायचो. आक्का मूळच्या कोडोलीच्या. लहानपणी वडिलांबरोबर वारणेत बांबूच्या काठीनं मासे धरलेल्या. तळ्याच्या काठावर बाईमाणूस म्हणजे त्या एकट्याच, आणि त्यांना शिकवायला मात्र अख्खा काठ तयार.

पंचाण्णवच्या आसपास त्यांनी रॉडला लावायचं, गळाचा दोरा गुंडाळायचं पहिलं रीळ घेतलं, तेव्हा मी सोबत होतो. दुकानदारानं न विचारताच दोन मुठींचं, डबल हँडलचं रीळ पुढं केलं. "बाईमाणसाला हेच बरं. नाजूक फिरतं."

"मासा नाजूक हाय काय?" आक्कांनी विचारलं.

तो हसला. मीही हसलो आणि वर म्हणालो, "आक्का, घ्या की डबल, मी तेच वापरतो." त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. लांब दांड्याचं, एकाच जाड मुठीचं रीळ काढायला लावलं, तळव्यात मूठ धरून दहा-बारा वेळा फिरवलं आणि म्हणाल्या, "ह्ये बांधा."

तो हट्ट नव्हता. हिशेब होता. आम्हाला तो कळला नाही, कारण आम्ही विचारलाच नाही. एकदा आपणहूनच म्हणाल्या, "डबल वाईट न्हाय. बारक्या माशाला तेच बरं, गोल फिरत ऱ्हातंय, बोटाला मूठ हुडकाय लागत न्हाय. पर त्याचं दांडं आखूड. मोठा मासा वडाय लागला की सबंद तळवा पायजे आन लांब दांडं पायजे. मी मोठ्या माशासाठी बसतो." आमच्याकडं बायका स्वतःला 'मी बसतो, मी जातो' असंच म्हणतात. पण आक्का म्हणायच्या तेव्हा ते जास्तच ठाम वाटायचं.

काठावर एक वाईट खोड होती. पोराच्या किंवा नवख्याच्या गळाला मोठा मासा लागला की शेजारचा जाणता "आण इकडं" म्हणत रॉड हिसकावून घ्यायचा. मासा काठावर आला की तो त्या जाणत्याचा व्हायचा. आक्का आल्या त्या पहिल्याच सोमवारी सगळ्यांना सांगून बसल्या होत्या, "माझ्या रॉडला कुणी हात लावायचा न्हाय." बँकेतून निवृत्त झालेले अण्णा, ज्यांचा शब्द काठावर शेवटचा, ते तेव्हा नुसतं मिशीत हसले होते.

दोन हजारच्या पुढं-मागं, उन्हाळ्यातल्या एका सकाळी आक्कांच्या गळाला कटला लागला. दहा किलोच्या आतला नसावा. रॉड कमानीसारखा वाकला. आक्का गुडघे रोवून, ओठ आवळून, जराही घाई न करता त्याला खेळवत होत्या. मासा दमत आला होता. आणि मला काय दुर्बुद्धी झाली कुणास ठाऊक, मी धावत जाऊन "द्या इकडं" म्हणत त्यांच्या हातातून रॉड ओढून घेतला. माझा हात सवयीनं दुसऱ्या मुठीकडं गेला. तिथं मूठ नव्हती. मी चाचपडलो तेवढ्यात तंगूस, म्हणजे गळाचा दोरा, सैल पडला आणि मासा गळ झटकून निघून गेला.

मी काय बोललो ते लिहायला लाज वाटते. मी म्हणालो, "तरी सांगत होतो, डबल घ्या म्हणून."

अण्णांनी लगेच निकाल दिला, "सिंगलनं मासा घालवला." झालं. तेव्हापासून नवा माणूस रीळ घ्यायला निघाला की त्याला ही गोष्ट सांगितली जायची. निर्लज्जपणा म्हणजे, मीही मान डोलवायचो.

आक्कांनी त्या दिवशी रॉड परत घेऊन पुन्हा गळ टाकला. पुढच्या सोमवारी मात्र म्हणाल्या, "मासा कशानं ग्येला, त्ये काठावर सांग." मी हसण्यावारी नेलं. दोन महिन्यांनी त्यांनी तळ्यावर येणंच बंद केलं. पुढं फाउंड्री बंद पडली आणि त्या कोडोलीला भावाकडं गेल्या. मी वर्षातून एक-दोनदा भेटायला जायचो. पाण्याचा तांब्या हातात देता देता पहिला प्रश्न ठरलेला, "सांगितलंस काय?" मी म्हणायचो, "सांगतो की आक्का." मग चहा व्हायचा.

शेवटचा गेलो तेव्हा त्या अंथरुणाला खिळल्या होत्या. पोरांची चौकशी केली, पाऊसपाण्याचं बोलल्या. तो प्रश्न विचारला नाही. मला हलकं वाटलं. म्हटलं, विसरल्या, नाहीतर माफ केलं. परतीच्या एस.टी.त ध्यानात आलं, त्यांनी माफबिफ काही केलं नव्हतं. त्यांनी माझा नाद सोडला होता.

त्या गेल्याचं कळलं, त्यानंतरच्या सोमवारी मी कळंब्याला गेलो. अण्णांसमोर, सगळ्यांसमोर सांगितलं, "मासा दमला होता. आक्का तो काढणारच होत्या. मी रॉड ओढला म्हणून तो गेला." अण्णांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, कणकेची गोळी गळाला लावली आणि म्हणाले, "आसंल की. पर डबल आसतं तर तुझ्या हातनं तरी आला आस्ता."

तुझ्या हातनं. आक्का जाऊन आठवडा झाला नव्हता, तरी मासा कुणाच्या हातानं यायचा ते अण्णांनी ठरवून टाकलं होतं. मी त्यांना काय वाटेल ते बोललो, आयुष्यात पहिल्यांदा. सगळे माझ्याकडं टकामका बघत राहिले. दोघं-चौघं म्हणाले, हाही आता तिरसट झाला.