मान मुडपलेलं कासव

डोंगरकड्याच्या रूपाबाईनं आयुष्यभर पाटे, वरवंटे आणि जाती घडवली. मिक्सर आल्यावर जात्याचं गिऱ्हाईक आटलं, पण पाट्याला टाकी लावून घ्यायला बायका अजून येतात. पाटा गुळगुळीत झाला की त्यावर मिरची नुसती सरकते. रूपाबाई छिन्नीनं तो पुन्हा खडबडीत करून देते. टाके एकसारखे पडले नाहीत तर सगळा पाटा पुन्हा धरते. कुणी सांगायची वाट पाहत नाही. मला तिचं हेच आवडतं. देवाचं काम मात्र तिला कुणी दिलं नाही. ते बाहेरच्या कारागिरांकडं जायचं. ती पाटेवाली ठरली होती.

विहिरीतला दगड वर ओढणारी यारी मी चालवायचो. माझ्या हातची शेवटची विहीर नरसिंगची. काळा दगड फोडून खाली गेलो, तर राखाडी मऊ थर लागला. त्यातून परातीएवढा एक गोटा वर आला. नरसिंगनं तो धुतला. फुगीर पाठीवर कासवासारख्या रेघा निघाल्या. लगेच नारळ फुटला.

गावात महादेवाच्या देवळात नवी फरशी बसत होती. नंदीजवळची कासवाची खाच रिकामी होती.

"देवानंच धाडलं," नरसिंगची आई द्वारकाबाई म्हणाली.

पण त्याला डोकं नव्हतं, पायही नव्हते. ते कोरायला रूपाबाईला बोलावलं. तिनं कडेला एक टाका मारला आणि हात थांबवला.

"काहून थांबली गं?" द्वारकाबाईनं विचारलं.

"हा दगड येगळा हाय, माय. आतून हाडावानी दिसून राहिला. हाडावर मी टाकी चालवत न्हाई."

उडालेली कपची तिनं पदराला बांधली. हिंगोलीच्या कॉलेजात भूशास्त्र शिकवणाऱ्या मीना मॅडम तिच्या पाट्याच्या जुन्या गिऱ्हाईक. त्यांना ती नेऊन दाखवली. मॅडम दुसऱ्याच दिवशी आल्या. नरसिंगच्या ओट्यावर मांडी घालून बसल्या आणि भिंगातून पाहू लागल्या.

"हे खरंच कासव आहे," त्या म्हणाल्या. "फार फार जुनं. लाव्हा थंड झाला, त्यावर तळं साचलं. हे त्या तळ्यात राहिलं, गाळात पुरलं गेलं. वरून पुन्हा लाव्हा आला. तुमच्या विहिरीत दोन काळ्या दगडांमधला थर आहे ना, तोच त्या तळ्याचा तळ."

मग त्यांनी गोटा उलटा करून आतली खूण दाखवली. कमरेचं हाड पाठीच्या कवचाला जुळलेलं होतं.

"अशी कासवं मान सरळ आत ओढत नाहीत. बाजूला मुडपून कवचाच्या कडेखाली ठेवतात. आज आपल्या देशात ही जात कुठंच नाही."

"कोंबडी झोपताना मान वळवती, तशी?" रूपाबाईनं विचारलं.

"अगदी तशी."

हे कोरू नका, सिमेंटात बसवू नका, कॉलेजला द्या, असं मॅडमनी विनवलं. नरसिंग अडून बसला.

"अन् महादेवापुढं काय ठेवू? रूपाबाईचा पाटा?"

रूपाबाईला ते लागलं. "कासव मी घडवते. गावाला पसंत पडलं तर हे मॅडमला द्यायचं. न्हाई पडलं तर दुसरा कारागीर आणा, अन् ह्यालाच पाय कोरून घ्या."

"कबूल," नरसिंग म्हणाला.

तिनं त्याच विहिरीतला काळा दगड मागितला. मी काढून दिलेले पहिले दगड तिनं ठोकून पाहिले आणि परत केले. आत चीर होती. पसंत पडला तो सगळ्यात जड होता. गोट्यावरच्या रेघा तिनं दोऱ्यानं मोजून नव्या पाठीवर उतरवल्या. मानेचं काम करताना कुणाला जवळ बसू दिलं नाही.

बसवायच्या दिवशी देवळात गर्दी झाली. आम्ही कासव खाचेत ठेवलं, तिनं पोतं काढलं. पाठ अशी की हात फिरवावासा वाटावा. पण मान उजवीकडं मुडपलेली.

"अगं, हे देवाकडं पाहत न्हाई!" द्वारकाबाई ओरडली.

"बायकोशी भांडून बसल्यावानी तोंड फिरवलंय," नरसिंग म्हणाला. लोक हसले. "मान सरळ कर, न्हाई तर माझं कासव मला बरं."

"सरळ केली तर तुटंल. अन् त्याची मान अशीच होती."

"मग हे ने परत."

रूपाबाई कासवाभोवती फिरली, उकिडवी बसली, एक डोळा मिटून पिंडीकडं पाहिलं. मग मला म्हणाली, "पहार द्या, दादा."

आम्ही दोघांनी कासव उचकटलं आणि आडवं फिरवलं. अंग भिंतीकडं गेलं, तोंड थेट पिंडीकडं आलं.

द्वारकाबाई गुडघ्यावर हात ठेवून वाकली. कासवाच्या तोंडाशेजारी तोंड नेऊन गाभाऱ्याकडं पाहिलं.

"व्हय गं, आता पाहून राहिलं. दुपारी मी टीव्ही पाहते तसं, आडवं होऊन."

तिनंच पहिलं हळदीकुंकू लावलं. मग नरसिंगनं शब्द पाळला. त्यानं घरातली गोधडी आणली, विहिरीतलं कासव तीत गुंडाळलं आणि मॅडमच्या गाडीत स्वतः ठेवलं. ड्रायव्हरला दोनदा बजावलं, "खड्ड्यातून हळू घे. लई म्हातारं हाय."

रूपाबाई निरोप द्यायला आली नाही. खाच लांबीला होती, कासव आडवं झालं होतं. ती देवळात जुन्या खाचेपुढं नवी आडवी खाच आखत होती.

"जुनीत सिमेंट भरू की," नरसिंग म्हणाला.

"सिमेंट न्हाई," ती म्हणाली आणि जुन्या खाचेच्या मापाचा दगड घडवायला बसली.