पायावरचा आळ

माझे बाबा कवळ्या बनवतात. मागच्या खोलीत त्यांचं टेबल आहे, त्यावर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, आणि कुठला जबडा कुणाचा हे त्यांना तोंडपाठ. रस्त्यात कुणी भेटलं की ते आधी दात बघतात, मग माणूस. बसवलेली कवळी तसूभरही हलता कामा नये, एवढा एकच धर्म त्यांनी आयुष्यभर पाळला.

दुसरं वेड गाडीचं. दोनच माणसांची, बुटकी, लांब नाकाची स्पोर्ट्स गाडी, वयाने माझ्याहून थोरली. भंगारात निघालेली ही गाडी त्यांनी घरी आणली आणि अकरा वर्षं खपून चालती केली. आई तिला सवत म्हणते, पण सवतीच्या सीटची कव्हरं आईनेच शिवली आहेत.

त्या दिवशी दोघं लांबवर फिरून आले. आई फाटक उघडायला उतरली. बाबा गाडी हळूच आत घेणार, तेवढ्यात गाडीने उडी मारली. आई बाजूला झाली म्हणून वाचली. गाडी सरळ भिंतीवर गेली, दिवा फुटला, आईचं कोपर खरचटलं. बाबांनी इंजिन बंद केलं, पण स्टीअरिंगवरचे हात काही सुटेनात. मी धावत गेले तेव्हा ते एवढंच म्हणाले, "पाय दाबलेलाच राहिला माझा."

संध्याकाळी त्यांनी अ‍ॅक्सिलरेटर वीसदा दाबून पाहिला. दाबला की खाली, सोडला की वर, जराही कुरकूर नाही. म्हणजे गाडी निर्दोष. मग मी तोंड उघडलं. आधी बोलायचं आणि मग विचार करायचा, ही माझी जुनी खोड. म्हटलं, "बाबा, सत्तरी आली. पाय आता तुमचं ऐकणार नाही. आई मधे सापडली असती तर?" ते फुटलेल्या दिव्याच्या काचा वेचत राहिले, आणि मला वाटलं, बरं झालं, पटलं.

पटलंच होतं, फार पटलं. आधी गाडी सुटली. मग ते जिन्याचा कठडा धरून एकेक पायरी उतरायला लागले. मग एक अर्धवट कवळी फडक्यात गुंडाळून त्यांनी कपाटात ठेवली. पायालाच कळत नाही तर हाताला काय कळणार, म्हणाले. ती कवळी ज्यांची होती ते मास्तर बिचारे पंधरा दिवस खिमटावर होते. घरात आई तेवढी रोज, चहा देताना, भाजी निवडताना, एकच सांगायची, "पाय ठणठणीत आहे त्यांचा. मी ओळखते." मी मनात म्हणायची, हिचं काय, ही वेडी माया.

तिसऱ्या आठवड्यात बाबांनी मलाच सांगितलं की गाडीला गिऱ्हाईक बघ. मी बघितलं. रविवारी अकराला येतो म्हणाला, आणि इंजिन तापल्यावर कसं वाजतं ते ऐकायचंय म्हणाला. बाबा मागच्या खोलीत दार लावून बसले. म्हणून साडेदहाला मीच गाडीत बसले आणि इंजिन चालू केलं. वीसेक मिनिटं झाली. मी अ‍ॅक्सिलरेटर जरा दाबला, इंजिन गरजलं. पाय काढला, तरी गरजतच राहिलं. मला वाटलं, पाय नीट काढला नसेल. खाली वाकून बघितलं. अ‍ॅक्सिलरेटर एकटाच खाली बसला होता. मी घाबरून दोन्ही पाय सीटवर घेऊन मांडी घातली आणि बाबांना हाक मारली.

बाबा बनियनवरच आले, पायऱ्या कशा उतरले कोण जाणे.

"पाय काढ!"

"काढलाय बाबा! बघा ना, दोन्ही वर आहेत!"

त्यांनी हात आत घालून किल्ली फिरवली. इंजिन थांबलं. ते माझ्या मांडी घातलेल्या पायांकडे इतका वेळ बघत राहिले की मलाच अवघडल्यासारखं झालं.

मग बॉनेट उघडलं. अ‍ॅक्सिलरेटरपासून इंजिनापर्यंत जी दांडी जाते, ती दाबलेल्या जागीच अडकली होती. स्प्रिंग ताणून ओढत होती आणि दांडी हलत नव्हती. बाबांनी हात लावला, चटका बसला. आम्ही नुसतं बघत उभं राहिलो. पंधरा-वीस मिनिटांनी दांडी कुणीही न शिवता टक् करून परत आली आणि आत अ‍ॅक्सिलरेटर वर उठला. आता गाडी पुन्हा साळसूद.

दांडी दोन बुशांमधून, म्हणजे बोटभर नळकांड्यांमधून, फिरते. बाबांनी बॅटरी मारली आणि मला दिसलं, बुश गुलाबी होते. हिरड्यांसारखे गुलाबी. दोन महिन्यांपूर्वी जुने झिजले, तसले बाजारात मिळेनात, म्हणून बाबांनी कवळीच्याच मसाल्याचे नवे घडवले होते, आणि आपल्या धर्माला जागून असे घट्ट बसवले की तसूभरही हलू नयेत. पण इंजिन म्हणजे काही तोंड नव्हे. चालत्या गाडीत वारा तरी लागायचा, पण उभ्या गाडीत तापलं की मसाला फुगायचा आणि दांडीला धरून ठेवायचा. निवलं की सोडून द्यायचा. आम्ही तपासली ती नेहमी निवलेली गाडी.

बाबा वाकलेलेच होते. मग हसायला लागले. "हाताची चूक आहे गं," ते म्हणाले. "पायाची नाही. हाताची."

आपला गुन्हा सापडला म्हणून इतका आनंदलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. चूक सुधारता येते, म्हातारपण नाही. आणि मी? चोर सोडून संन्याशाला फाशी दिलेली. मी म्हटलं, "बाबा, चुकलं माझं." ते म्हणाले, "तुझं काय, मीच कबुली दिली होती."

गिऱ्हाईक आलं, त्याला बाबांनी परत पाठवलं. जाता जाता सांगितलं, खालची कवळी सैल आहे तुमची, उद्या या.

लेथवाल्याने दुपारी पितळेचे बुश करून दिले, आत केसभर जागा ठेवून. गुलाबी बुश हातात घेऊन त्याने विचारलं, हे रात्री पाण्यात ठेवायचे का. बाबांनी तेही हसून घेतलं. नवे बुश बसवले, जोडीला आणखी एक स्प्रिंग लावली, मग अर्धा तास इंजिन तापवलं आणि बाबांनी अ‍ॅक्सिलरेटर शंभरदा दाबला. शंभरदा तो पायामागोमाग वर आला. माझा जीव भांड्यात पडला.

बाबांनी आईला हाक मारली, चल, एक चक्कर मारू. आई आली नाही. ती पायरीवर बसली होती, ओंजळीत तोंड घालून रडत होती. बाबा हात पुसत तिच्याजवळ गेले.

"अगं, घाबरू नकोस. आता नाही अडकत."

"ते नाही हो," आई म्हणाली. "मला वाटलं होतं, तुमचा पायच गेला. रोज खोटं बोलत होते मी."

बाबा तिच्या शेजारी पायरीवर बसले.

"माहीत होतं मला," ते म्हणाले. "पण तू म्हणायचीस, म्हणून सकाळी उठावंसं वाटायचं."