खदीजांची गोष्ट सांगणाऱ्या रझियाआपा

रझियाआपा गेल्याचा त्यांच्या मुलीचा, सनाचा, मेसेज सकाळी सातला आला आणि मी मूर्खासारखं उलट विचारलं, "फ्युनरल कोणत्या दिवशी?" इथे अमेरिकेत आमच्या लोकांत भारतातून कुणी यायचं असतं, फ्युनरल होमची वेळ मिळायची असते, चार-पाच दिवस सहज जातात. तेच डोक्यात धरून मी पार्सिपनीहून जर्सी सिटीला ऑफिसला गेले, मीटिंगांत बसले. दुपारी फोन पाहिला तर सनाचं उत्तर केव्हाच येऊन पडलं होतं. आजच, दुपारच्या नमाजानंतर. धावतपळत कब्रस्तानात पोहोचले तेव्हा माती सारखी करून माणसं परतत होती. बारा वर्षं ज्या बाईच्या तोंडून त्यांच्या धर्मातल्या गोष्टी ऐकल्या, तिच्या लोकांत त्याच दिवशी दफन करतात एवढं माझ्या ध्यानात असू नये! मी ना नात्यातली, ना त्यांच्या धर्माची. निरोपाची एक वेळ होती, तीही हुकवली... आता आपांच्या घराशी आपला काय संबंध उरला, असं वाटत गाडीत बसून राहिले.

आपा मूळच्या चिपळूणच्या. नवरा गेल्यावर त्याचा मसाल्यांचा आणि कोकमाचा व्यवसाय त्यांनी एकटीनं सांभाळला. रविवारी मशिदीच्या शाळेत त्या मुलींना शिकवायच्या, आणि त्यांचा सगळ्यात लाडका विषय म्हणजे हजरत खदीजा, पैगंबरांच्या पहिल्या पत्नी. शिकवायचं इंग्रजीत, पण आपांना सुचायचं मराठीत. म्हणून शनिवारी गोदामात पोत्यांशेजारी खुर्च्या टाकून तो धडा त्या आधी मला सांगायच्या. "तुला यातलं ओ की ठो कळत नाही, म्हणून तू बरी. तुला पटलं तर पोरींना पटेल." मी नागपूरची, प्रश्न विचारायला कधी लाजले नाही. खदीजा विधवा होत्या, मोठ्या व्यापारी होत्या, त्यांचा माल उंटांवरून दूरदेशी जायचा आणि तो नेण्यासाठी त्यांनी ज्या प्रामाणिक तरुणाला नेमलं तेच पुढे पैगंबर झाले, इथवर मी मुकाट्यानं ऐकलं. पण लग्नाचा विषय खदीजांनीच काढला म्हटल्यावर मला राहवेना. "म्हणजे बाईंनीच स्थळ सांगून पाठवलं?"

"चौदाशे वर्षांपूर्वी! आणि तू अजून नवऱ्याला विचारून केस कापतेस."

आपा खळखळून हसल्या, त्या हसण्यात मीही सामील झाले, पण केस मात्र त्यानंतर न विचारता कापले.

पैगंबर हिरा नावाच्या गुहेत पहिल्यांदा देवाचा संदेश ऐकून थरथरत घरी आले तो प्रसंग आपा फार हळू आवाजात सांगायच्या. खदीजांनी आधी त्यांना पांघरूण घातलं, मग शांतपणे सगळं ऐकलं, आणि तुमच्यासारख्या दुबळ्यांचं ओझं उचलणाऱ्या माणसाला देव कधी एकटं टाकणार नाही, असा धीर दिला. सगळ्यांच्या आधी विश्वास ठेवला तो त्यांनीच. हे ऐकताना मला वाटायचं, ही बाई मी पाहिली आहे. नोकरीची परवानगी नसलेल्या डिपेंडंट व्हिसावर नऊ वर्षं घरात काढल्यावर मला वर्क परमिट मिळालं आणि पहिल्याच इंटरव्ह्यूत माझी दातखीळ बसली. रडत गोदामात गेले. आपांनी आधी स्वतःची शाल माझ्या अंगावर टाकली, चहा ठेवला, आणि कप हातात देऊन म्हणाल्या, "सोमवारपासून इथे ये. शिपिंगची कागदपत्रं तू बघायचीस." त्या कामावर पुढच्या नोकऱ्या मिळाल्या. आज मी ताठ मानेनं चारचौघांत बोलते ते आपांमुळे, आणि हे त्यांना तोंडावर कधी नीट सांगितलं नाही.

गेल्या आठवड्यात बकरी ईद झाली. यंदा त्या घरी जायचं धाडस मला झालं नाही. संध्याकाळी बेल वाजली, तर दारात सना. हातात मोठा डबा, त्यावर चिकटपट्टीनं लावलेलं माझं नाव.

"मावशी, कुर्बानीचं मटण आहे. अजून खूप घरं ड्राइव्ह करायची आहेत."

"अगं, मला कशाला? मी तर त्या दिवशी वेळेवरसुद्धा..."

"अम्मी क्लासमध्ये सांगायची ना, खदीजा गेल्यावरसुद्धा घरात बकरी कापली की प्रॉफेट आठवणीनं तिच्या फ्रेंड्सकडे मटण पाठवायचे. सो आय मेड अ लिस्ट. अम्मीच्या फ्रेंड्सची." तिनं फोन माझ्यापुढे धरला. "तू पहिली आहेस."

फ्रिजमधून काढून आणलेला डबा अजून गार होता. मी तो दोन्ही हातांनी घेतला, पोटाशी धरला, आणि त्या पोरीसमोर दारातच रडले.