पोळ्याच्या दिवशी हेरलेला ड्रोन

बेकायदा ड्रोन पकडायला सरकारनं निधी दिला आणि त्यातून आमच्या ठाण्याला ड्रोन हुडकणारी एक पेटी मिळाली. वर अँटेना, पुढे पडदा, ड्रोन असेल तिथं लाल ठिपका. धुळ्याला जाऊन तिचं प्रशिक्षण घेतलेली मी एकटीच हवालदार, त्यामुळे पेटीला दुसऱ्या कुणी हात लावलेला मला खपत नसे. आदल्या वर्षी चोर ड्रोननं घरं हेरतात या आवईनं गावंच्या गावं हैराण झाली होती. आता येऊ दे एखादा, असं मी चहाच्या टपरीवरसुद्धा ऐकवायची.

पोळ्याला सकाळीच ठिपका उमटला, नदीपलीकडच्या कपाशीत. माझा तर्क सरळ होता. पोळ्याला औत जुंपत नाहीत, सगळं गाव बैल सजवण्यात, शिवार मोकळं. अशा दिवशी ड्रोन उडवणारा चोरच असणार. मी साहेबांना फोन करून सांगूनही टाकलं की सापडला. त्यांनी लगेच पत्रकारांना बोलावलं.

बांधावर माझ्याच वयाची एक बाई रिमोट घेऊन उभी. मला बघून तिनं ड्रोन खाली उतरवला. त्याच्या पोटाला औषधाची टाकी. बचत गटानं घेऊन दिलेला, फवारणीचा.

"आज पोळा ना?" मी दरडावलं.

"पोया बैलस्ना शे, ताई," ती म्हणाली. "अळी काय पोया पायस का?"

मला हसू आलं आणि लाजही वाटली. पोळा बैलांचा, अळी कशाला पाळेल; शेतकऱ्याची मुलगी मी, मला हे कळायला हवं होतं. तिनं मोबाईलवर नोंदणी दाखवली, ड्रोनवरचा नंबर जुळला. मी साहेबांना पुन्हा फोन लावला.

"आधी जमा कर, बाकी मग बघू," साहेब म्हणाले.

जमा झालेली वस्तू आमच्याकडून कधी सुटते ते मला पक्कं ठाऊक होतं. तोवर तिचा हंगाम हातचा गेला असता.

"जमा करणार नाही, साहेब. पेटी बरोबर आहे, चूक माझी. पत्रकारांना मीच सांगते."

साहेब तापले. कागद जुळले होते, मला कसली भीती?

फोन ठेवून वळले तर ती दोन्ही हातांनी रिमोट माझ्यापुढे धरून उभी. माझं सगळं बोलणं तिनं ऐकलं होतं, तरी साहेबांपुढे माझं चालणार नाही, ड्रोन जमा होणारच, असं तिनं धरलं होतं.

"ठेव तुझ्याकडे," मी म्हटलं.

तिचे हात मागे जाईनात. वर्दीतलं माणूस खरंच असं म्हणतंय, यावर तिचा विश्वास बसत नव्हता. शेवटी मी रिमोट घेतला, परत तिच्या हातात ठेवला आणि तिची बोटं त्यावर मिटेपर्यंत सोडला नाही.