मुखवट्याखालचं गाऱ्हाणं

दत्ताच्या नंबरावरून फोन आला तेव्हा मी नेहमीसारखा बोलत सुटलो. गळ्याला श्वासाची नळी बसवल्यापासून तो फोन करून गप्प राहायचा. मी विचारायचं आणि त्यानं फोनवर टिचकी मारायची. एक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. भात कापून झाल्याचं सांगितलं, जेवलास का विचारलं, टिचकी वाजेना म्हणून थट्टाही केली... बऱ्याच वेळानं त्याच्या बायकोचा, वहिनींचा, आवाज आला, "भावजी, ह्ये गेले." तोवर मी कोणाशी बोलत होतो, हे तीन आठवड्यांनंतरही मला उमगलेलं नाही.

मिरजोळ्याच्या कारखान्यात आम्ही वीस वर्षं एकाच पाळीला होतो. तिथे तो मशीनवरचा साधा माणूस. गावात मात्र शिमग्याला देवीच्या पालखीपुढे गाऱ्हाणं घालायचा मान त्याच्या घराण्याचा. गावाची दुखणी, मुंबईकरांच्या नोकऱ्या, अडलेली लग्नं, सगळं तो खणखणीत आवाजात देवीच्या कानी घालायचा आणि आम्ही शे-दोनशे माणसं प्रत्येक ओळीला "व्हय म्हाराजा" म्हणायचो. गेल्या दिवाळीनंतर तो आवाज बसला. दुर्बीण घालून तपासणाऱ्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की गाठ स्वरयंत्रापुरतीच आहे, स्वरतंतू अजून हलतो आहे, लगेच किरणोपचार घेतले तर माणूस राहील आणि बहुधा आवाजही. पण त्यासाठी दीड-दोन महिने परगावी राहायचं, घसा भाजून निघायचा, पुन्हा शिमग्यापर्यंत बरा होईल याची खात्री नाही. दत्ता गोंधळला. मी मोठा शहाणा. म्हणालो, "शिमगा होऊ दे. तुझ्याशिवाय गाऱ्हाणं कोण घालणार?"

त्यानं घातलं. शेवटच्या ओळी आम्ही नुसत्या ओठांवरून ओळखल्या...

मग कोल्हापूरला गेलो. नव्या तपासणीत तिसरी स्टेज निघाली. एका बाजूचा स्वरतंतू थिजला होता, गाठ घशात खाली उतरली होती. गरम पाण्यात मऊ केलेली प्लास्टिकची जाळी तोंडा-मानेवर दाबून त्याचा मुखवटा केला. रोज किरण देताना तो चढवून त्याला टेबलाला जखडायचे आणि जड दार लावून सगळे बाहेर यायचे. दुसऱ्या आठवड्यात दत्ता कुजबुजला की आत पडल्यापडल्या तो मनातल्या मनात गाऱ्हाणं घालतो. मग माझा हात धरून म्हणाला, "पन आत 'व्हय म्हाराजा' कोन म्हनतो रे?"

मी हसण्यावारी नेलं. पण बाहेर कॅमेऱ्याच्या पडद्यावर मी त्याची छाती मधेमधे थांबताना पाहिली होती, उत्तराची वाट बघावी तशी.

गाठ पुरती गेली नाही. आवाज तेवढा गेला.

बाराव्यानंतर त्याच्या घरी गेलो. वहिनींनी मुखवटा खाटेवर, उशीशी ठेवला होता. दत्ताचं नाक, हनुवटी, गळ्याचा उंचवटा, सगळं जागच्या जागी, आत कोणी नाही. वारा नव्हता, तरी जाळीची सावली उशीवर हलल्यासारखी वाटली. मला राहवेना. शिमग्यापायी मीच त्याला थांबवलं, हे वहिनींना सांगून टाकलं.

त्यांना ठाऊक होतं. मुखवटा सरळ करत त्या म्हणाल्या, "त्येच्या आदल्या दिशी ह्येंनी देवीला कौल लावला व्हता. देवीनं 'आधी दवाखान्यात जा' म्हनून कौल दिलान."

मग तो का थांबला, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. त्यांनीच सांगितलं.

"म्हनाले, गाव थांब म्हनतोय."

गाव म्हणजे मी एकटाच होतो.